चादरीचं दुसरं टोक

तिला सगळे मुकादमीण म्हणत. ती मुकादम नव्हती. त्या लाँड्रीत मुकादम नावाची जागाच नव्हती, आणि असती तरी तिला कोणी दिली असती की नाही, देव जाणे. कामाला लागून चार दिवस होतात न होतात तोच तिने एका जुन्या बाईला सुनावलं होतं, "हा गठ्ठा वाकडा बांधलाय, सोडा आणि परत बांधा." जुनी बाई बघतच राहिली. बॉयलरवाला दारात चहा पीत उभा होता, तो म्हणाला, "आल्या बरं का आमच्या मुकादमीणबाई!" नाव चिकटलं ते चिकटलं. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, आणि तेव्हा ती स्वतःच इकडेतिकडे बघायची, की हाक कोणाला मारली.

स्वभाव तिने घरून आणला होता. पाठीवर भावंडांची रांग, आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे कोणाचं नाक पुसायचं, कोणाला दटावायचं आणि भाकरीचा शेवटचा तुकडा कोणाच्या ताटात टाकायचा हे ठरवण्यातच तिचं बालपण गेलं. लग्न झालं तर नवरा बस चालवणारा, शांत. दिवसभर रस्त्याशी हुज्जत घातलेला माणूस घरी येऊन कोणाशी भांडणार? तो मान हलवायचा, ती बोलायची. संसार असा उत्तम चालला. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, नवरा निवृत्त झाला, पण मुकादमीण लाँड्रीत जायची थांबली नाही. घरी बसून दटावणार कोणाला? नवऱ्याला दटावण्यात काही चव राहिली नव्हती.

लाँड्री म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला हॉटेलांचे आणि हॉस्पिटलांचे मळके कपडे गाडीतून उतरायचे, दुसऱ्या टोकाने पांढरेशुभ्र गठ्ठे बाहेर जायचे. मध्ये धुण्याची अजस्र यंत्रं, सुकवायची यंत्रं, आणि मग तो रूळ, म्हणजे वाफेवर तापलेला लांब दंडगोल. त्यातून चादर इस्त्री होऊन गरमागरम बाहेर पडायची. पलीकडे घडीची टेबलं. रुळातून चादर आली की दोघींनी दोन टोकं झेलायची, ताणायची, एक झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागे जायचं. दिवसभर हेच. लांबून पाहिलं तर वाटावं, या बायका कसलासा नाच करताहेत, फक्त नाचणारींचं तोंड बंद नाही.

तिसऱ्या टेबलावर मुकादमीण आणि तिची जोडीदारीण. तिला चिमणी म्हणत. अंगापिंडाने ती एवढी धिप्पाड होती की दारातून ट्रॉली आणि ती एकदम जात नसत, पण आवाज मात्र एवढुसा, म्हणून चिमणी. घरी पाय मोडून बसलेला नवरा, म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी नात, असा सगळा डोलारा हिच्या एकटीच्या पगारावर उभा. ती तक्रार करायची नाही. कामावर यायची, एप्रन चढवायची आणि चादरीचं आपलं टोक धरून उभी राहायची. मुकादमीण बोलायची आणि चिमणी "हं" म्हणायची. इतक्या वर्षांत दोघी एकमेकींच्या घरी कधी गेल्या नव्हत्या, पण चिमणीच्या सासूला कोणती गोळी मानवते आणि कोणती नाही हे मुकादमीण झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

जुन्या मालकांच्या काळात त्या शेडमध्ये एक पद्धत होती. कुठे लिहिलेली नव्हती, कोणी शिकवली नव्हती, पण नवीन आलेल्या बाईलाही आठवडाभरात कळायची. चादर जळली, फाटली, चुकून वेगळ्या हॉटेलच्या गठ्ठ्यात गेली, की मालक येऊन विचारायचे, "कोणी केलं?" त्यावर उत्तर ठरलेलं. "तिसऱ्या टेबलाकडून झालं." कधी पहिल्या, कधी दुसऱ्या. टेबलाला काही नाक-डोळे नाहीत, टेबलाला रागावणार कसं? मालक थोडा वेळ टेबलाकडे रागाने बघायचे, "परत होऊ देऊ नका" म्हणायचे आणि निघून जायचे. मग टेबलावरच्या बायका आपसात काय ते बघून घ्यायच्या. एखादीचं मूल आजारी असलं तर बाकीच्या तिचं काम ओढायच्या, कोणाची कंबर धरली तर ट्रॉली दुसरी ढकलायची. कोण किती करतं याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

निदान मुकादमीण सोडून कोणी ठेवत नव्हतं. तिच्या मनात एक हिशेब पक्का होता, आणि तो असा की तिसरं टेबल चालतं ते आपल्यामुळे. चिमणी मंद आहे. चांगली आहे बिचारी, पण मंद. चादर झेलली की लगेच ताणावी ना? नाही. ही बाई चादर हातात धरून क्षणभर उभी. मुकादमीण टोक ओढायची, "चल गं बाई, मुहूर्त बघतेस का?" तेव्हा कुठे चिमणी पुढे यायची. मध्येच एखादी चादर न बोलता मागच्या टोपलीत टाकून द्यायची, परत धुवायला. "का गं?" म्हटलं तर, "असंच, सुरकुती होती." मुकादमीण कपाळाला हात लावायची.

हे सगळं रोज संध्याकाळी नवऱ्याला ऐकावं लागे. "मी आहे म्हणून ती टिकलीय, अहो. दुसरी कोणी असती तर तिला केव्हाच घरी बसवलं असतं."

"मग बोलू नकोस," नवरा म्हणायचा. "करतेस ना, मग कर गुपचूप."

"गुपचूपच करते. तुम्हाला सोडून कोणाला बोलते का?" आणि लगेच, "हा दिवा कसला हो लावलाय? काही दिसत नाही. बदला उद्या."

नवरा दिवा बदलायचा. स्वयंपाकघरातला दिवा त्याने किती वेळा बदलला याची गणती नव्हती. दर वेळी ती म्हणायची, हल्ली दिवेच मंद येतात, पूर्वीसारखे राहिले नाहीत. एकदा त्याने भीत भीत विचारलं, "डोळे तपासून घ्यायचे का?" त्यावर ती अशी काही फिरली की त्या माणसाने पुन्हा विषय काढला नाही. चष्मा म्हाताऱ्यांना लागतो, आणि ती म्हातारी नव्हती. विषय संपला.

मग जुन्या मालकांनी लाँड्री एका कंपनीला विकली. ते स्वतः येऊन सगळ्यांना भेटले, डोळे पुसले आणि गेले. त्यांच्या जागी आले नवे साहेब.

नवे साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगायला हवं, कारण अशा गोष्टीत साहेब आला की ऐकणारे लगेच त्याच्यावर दात धरतात. ते तरुण होते, सगळ्यांना "मावशी" म्हणत, स्वतः ट्रॉली ढकलून बघत. आल्या आल्या त्यांनी गळकं छत दुरुस्त करून घेतलं, पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवलं आणि घडीच्या टेबलांवर लखलखीत दिवे लावले. मुकादमीण त्या दिव्यांवर एकदम खूश. "बघ, याला म्हणतात दिवे," ती चिमणीला म्हणाली. चिमणी "हं" म्हणाली.

पण साहेब जेव्हा विचारायचे, "हे कोणी केलं?" तेव्हा त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. "तिसऱ्या टेबलाकडून झालं" म्हटलं की ते हसून म्हणायचे, "टेबलाला पगार नाही ना देत मी, मावशी." त्यांचंही चूक नव्हतं. ज्याने चांगलं केलं त्याचं नाव व्हावं, ज्याला जमत नाही त्याला शिकवावं, असं त्यांचं म्हणणं. सांगायला सोपं, ऐकायला गोड.

मग चौकटी आल्या. छताला टांगलेल्या दांड्या, त्यांना दोन चिमटे. चादरीची दोन टोकं चिमट्यांत अडकवायची आणि एकटीने खाली घडी घालत जायचं. दुसऱ्या माणसाची गरज नाही. प्रत्येकीला आपली चौकट, आपलं टेबल आणि आपल्या नंबराच्या स्टिकरची गुंडाळी. गठ्ठा झाला की त्यावर आपला स्टिकर चिकटवायचा. बाहेर जाताना यंत्र तो स्टिकर वाचायचं आणि भिंतीवरच्या टीव्हीत नावापुढे आकडा वाढायचा. जास्त आकडा असला की नाव हिरवं, मधला असला की पिवळं, कमी असला की लाल. बॉयलरवाला म्हणाला, "आता घरी जाऊन टीव्ही बघायला नको, इथेच मालिका लागलीय."

हसले सगळे, पण पंधरा दिवसांत शेडचा आवाज बदलला. यंत्रांची घरघर तीच, पण बायकांचा आवाज गेला. बोलायला समोर कोणी उरलंच नव्हतं. समोर होते चिमटे. ट्रॉलीचं चाक अडकलं तर जिचं अडकलं तिनेच सोडवायचं, कारण दुसरी थांबली तर तिचा आकडा थांबतो. चांगले चिमटे असलेल्या चौकटीवरून पहिल्या टेबलाच्या दोघींत, बारा वर्षांच्या मैत्रिणींत, अशी जुंपली की साहेबांना मध्ये पडावं लागलं. वाईट कोणीच झालं नव्हतं. प्रत्येक बाई फक्त टीव्हीकडे बघायला लागली होती.

मुकादमिणीचं नाव हिरवं. नुसतं हिरवं नाही, वरून पहिलं किंवा दुसरं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. इतकी वर्षं जे ती नवऱ्याला सांगत होती, ते आता भिंतीवर लिहून आलं होतं. आणि चिमणीचं नाव लाल, अगदी तळाशी. एकटी काम करतानाही ती तशीच करायची. चादर टांगायची, उभी राहायची, बघत बसायची, मग घडी.

एके सकाळी साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की या महिन्याअखेर घडी विभागाला एक प्रमुख नेमायचा आहे. जिचं काम उत्तम, ती प्रमुख. "म्हणजे मुकादम," बॉयलरवाला मागून म्हणाला, आणि सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघून एप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. आयुष्यभर चेष्टेत मिळालेलं नाव खरं व्हायची वेळ आली होती.

त्याच सभेत साहेबांनी दुसरीही गोष्ट सांगितली, हळू आवाजात, कोणाचं नाव न घेता. ज्यांचं नाव सतत लाल राहील त्यांना ठेवता येणार नाही. नाव घेतलं नाही, पण नाव भिंतीवर होतंच.

त्या दुपारी चिमणीने डबा उघडला आणि तसाच बंद केला. "मला काढतील गं," ती म्हणाली. एवढंच.  मुकादमीण बडबडी असेल, आढ्यताखोरही असेल, पण जोडीदारणीला बुडू देणारी नव्हती. आणि एक मार्ग तर तिच्या हातातच होता. पूर्वीही आपणच हिला ओढत होतो ना? मग आता ओढायला काय हरकत आहे?

चिमणी हात धुवायला गेली तेव्हा मुकादमिणीने तिच्या गुंडाळीतून काही स्टिकर काढून खिशात टाकले. दुपारनंतर एका छोट्या हॉटेलचे गठ्ठे तिच्याकडे यायचे; आपण घडी घातलेल्या त्या गठ्ठ्यांवर ती चिमणीचा स्टिकर लावायची. रोजचं झालं. तिच्या स्वतःच्या आकड्याला फारसा धक्का लागत नव्हता, कारण तिचा हात खरोखरच सपाट्याने चालायचा. चिमणीचं नाव तळातून वर सरकलं. लालाचं पिवळं झालं. चिमणी टीव्हीकडे बघत राहिली आणि लहान मुलीसारखी हसली. "अगं, माझा हात बसला की!"

"बसणारच," मुकादमीण म्हणाली, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. गुपचूप करायचं म्हणजे असं, तिला वाटलं.

मग त्याच हॉटेलकडून गठ्ठे परत आले. डागाळलेल्या चादरी आहेत म्हणून; बारकाईने बघणारं तेवढं एकच गिऱ्हाईक होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. गठ्ठ्यांवर स्टिकर होते, आणि स्टिकर चिमणीचे होते.

साहेबांनी चिमणीला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात परत आलेला एक गठ्ठा होता आणि चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या नजरेतून डाग सुटत नाही," ती म्हणत होती, त्या एवढुशा आवाजात, कोणाला उद्देशून कोण जाणे. "हळू असेन मी. पण डाग नाही सुटत. येऊ नका म्हणणार आहेत. उद्या सांगतो म्हणाले."

मुकादमिणीचं डोकं फिरलं. तिने गठ्ठा चिमणीच्या हातातून ओढून घेतला, टेबलावर आपटला, वरची चादर झटकून उलगडली आणि त्या लखलखीत दिव्याखाली दोन्ही हातांनी उंच धरली. सगळी शेड ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "कुठाय डाग? सांगा मला कोणीतरी! कोरी करकरीत चादर आहे! उगाच बिचारीला छळायला बसलेत!"

कोणी बोललं नाही. तिला वाटलं, पटलं सगळ्यांना.

"कोरी आहे!" ती पुन्हा म्हणाली.

"मावशी," बॉयलरवाला म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच चेष्टा नव्हती. "हा काय. तळहाताएवढा आहे. तुमच्या अंगठ्याशेजारी."

तिने अंगठ्याशेजारी पाहिलं. पांढरं होतं. तिने चादर जवळ घेतली, अजून जवळ, नाकाला लागेपर्यंत. तेव्हा पांढऱ्यात काहीतरी पिवळसर असल्यासारखं वाटलं, किंवा बॉयलरवाल्याने सांगितलं म्हणून वाटलं. तिने दुसरी चादर उचलली. ती उलगडायच्या आधीच तिचे हात थांबले, कारण घडी ओळखीची होती. शेवटची पट्टी आत दुमडलेली. सगळ्या शेडमध्ये अशी घडी एकटी तीच घालायची; आईने शिकवलेली, आणि इतर कितीही हसल्या तरी तिने सोडली नव्हती. गठ्ठा तिचाच होता. त्यावर स्टिकर चिमणीचा होता, आणि तोही तिनेच लावला होता.

तिने मान वर केली. चिमणीही त्या आत दुमडलेल्या पट्टीकडेच बघत होती. मग तिने मुकादमिणीकडे पाहिलं, टीव्हीवरच्या आपल्या पिवळ्या नावाकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या चौकटीकडे गेली आणि चिमट्यात चादर अडकवायला लागली.

त्या संध्याकाळी मुकादमीण घरी आली आणि नवऱ्याला काहीच बोलली नाही. जेवणं झाली, तरी नाही. शेवटी तोच घाबरून म्हणाला, "दिवा बदलू का?"

"नको," ती म्हणाली. "दिवा चांगला आहे."

तो भांडी पुसत होता, तो थांबला. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि सगळं सांगितलं, स्टिकरचं, डागाचं, आणि उद्या प्रमुख कोण ते जाहीर होणार आहे तेही. गप्प राहिलं तर ती प्रमुख होणार आणि चिमणी घरी जाणार. बोललं तर प्रमुखपद गेलंच, वर स्वतःची नोकरी राहील याचा काय भरवसा? नवऱ्याने सगळं ऐकलं. सल्ला द्यायची त्याला सवय नव्हती, आणि त्या दिवशीही त्याने दिला नाही. तो म्हणाला, "सकाळी मी येतो तुझ्याबरोबर दारापर्यंत." सकाळी तो खरंच आला. 

साहेब नुकतेच येऊन बसले होते. ती आत गेली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"डागाचे गठ्ठे माझे आहेत," ती म्हणाली. "तिचे नाहीत. तिचे स्टिकर चोरून माझ्या गठ्ठ्यांवर मी लावले. आणि मला डाग दिसत नाहीत. मला दिसतच नाही नीट, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ त्यांना कळेचना. "पण तुम्ही स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावावर का टाकलंत? आज तुमचं नाव जाहीर करणार होतो मी."

"माहीत आहे."

"मग?"

 टेबलाची पद्धत होती, असं काहीतरी ती म्हणाली. एकीचं कमी पडलं तर दुसरीने भरायचं.

"त्याने काय होतं बघा ना, मावशी," साहेब म्हणाले, रागावून नाही, पण तळमळून. "सगळ्यांचं सगळं झाकलं जातं. कोणाला काय त्रास आहे ते मला कधीच कळलं नसतं."

"तुमचं काय घेऊन बसलात," मुकादमीण म्हणाली. "मलाच कळलं नव्हतं."



साहेबांनी जे करायचं ते केलं. चिमणीवरची तक्रार काढून टाकली. मुकादमिणीला लेखी समज दिली आणि डोळे तपासून येईपर्यंत घडीवरून काढून पिशव्या बांधायला बसवलं. प्रमुख झाली पहिल्या टेबलावरची एक, चिमट्यावरून भांडलेल्या दोघींपैकी. ती बरी निघाली म्हणतात. टीव्ही मात्र तसाच राहिला, आणि आकडे खरे झाल्यावर चिमणीचं नाव पुन्हा तळाशी जाऊन लाल झालं. खरं बोलल्याने चिमणीवरचा आळ गेला, नोकरीवरची टांगती तलवार गेली नाही.

दुपारी मुकादमीण डबा घेऊन चिमणीच्या शेजारी जाऊन बसली. चिमणी उठून जाईल असं तिला वाटलं होतं. ती उठली नाही. पण "हं"ही म्हणाली नाही, कारण मुकादमीण काही बोलतच नव्हती.

शेवटी चिमणीच म्हणाली, "चष्म्याचा नंबर काढलास?"

"संध्याकाळी जाणार आहे." मग धीर करून, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"मला दिसत नाही ते."

चिमणीने घास गिळला. "कधीपासून. तुझ्या बाजूचे डाग तुझ्या नजरेतून सुटायचे. म्हणून मी चादर धरून ठेवायचे जरा. माझी बाजू बघायची, मग तुझी बघायची. तोवर तू ओढायचीस." ती थोडी थांबली. "आता एकटी आहे तरी हात थांबतोच. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय पुढे सरकतच नाही. सवयच लागली."

मुकादमीण डब्याच्या झाकणाकडे बघत राहिली. मंद आहे बिचारी, असं ती नवऱ्याला सांगत आली होती. मी आहे म्हणून टिकलीय. इतकी वर्षं रोज. तिला एवढी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. "सांगितलं का नाहीस गं?"

"तू ऐकलं असतंस?" चिमणी म्हणाली. "आणि खरं सांगू, मला वाटायचं, मी आहे म्हणून तू टिकलीयस." तिच्या तोंडावर हसू आलं, थोडंसं, आणि लगेच गेलं. "पण परत माझ्या नावावर काही चिकटवलंस तर बघ."

मुकादमीण त्याच दुपारी पुन्हा साहेबांच्या दारात गेली आणि चिमणी हळू का आहे ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. ते हळहळले, पण म्हणाले, कारण समजलं तरी आकडा तर वाढायला हवा. त्यांच्यावरही कोणाचा तरी टीव्ही असणार.

मार्ग निघाला तो कोणाच्या शहाणपणाने नाही. एका मोठ्या हॉटेलचं काम आलं, आणि त्यांच्या चादरी एवढ्या रुंद की चौकटीच्या दांडीत मावेनात. एकटीने घडी घातली तर चादर जमिनीला लागायची. दोघी लागणारच. साहेबांनी कोण करेल म्हणून विचारलं, तर बाकी कोणी तयार होईना, कारण दोघींत मिळून एकच गठ्ठा म्हणजे आकडा अर्धा. चिमणीने हात वर केला. मग तिने पिशव्या बांधणाऱ्या मुकादमिणीकडे बोट दाखवलं.

"ही?" साहेब म्हणाले.

"चष्मा लागलाय आता तिला," चिमणी म्हणाली. "आणि माझ्याबरोबर दुसरी कोण टिकणार?"

स्टिकर कोणाचा लावायचा यावर साहेबांनी बराच विचार केला आणि शेवटी दोघींना मिळून एक वेगळा, लाल-हिरव्यात न मोजला जाणारा नंबर काढून दिला. टीव्हीवर त्यापुढे दोघींची नावं मावेनात, म्हणून तिथे नुसतं "टेबल ३" आलं. हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. बॉयलरवाल्याच्या आलं. 

रुळातून पहिली रुंद चादर बाहेर आली. दोघींनी आपापली टोकं झेलली. मुकादमिणीच्या नाकावर नवा चष्मा होता, जरा मोठाच, सारखा घसरणारा. चिमणी टोक धरून सवयीने थांबली. आणि मग तिच्या लक्षात आलं की पलीकडून ओढ येत नाहीये.

"ओढ की गं," चिमणी म्हणाली. "मुहूर्त बघतेस का?"

"तू बघून घे आधी."

"तू चष्मा लावलायस ना?"

"लावलाय," मुकादमीण म्हणाली. "तरी बघ."

चिमणीने चादर दिव्याकडे उचलली. आपली बाजू पाहिली, मग तिची पाहिली, सावकाश. तोपर्यंत मुकादमीण आपलं टोक धरून उभी राहिली.